पुस्तक आहे, पण मागायचे कसे?

(जरीपटका, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुस्तक असूनही नसल्यासारखे कसे होते, हे जरीपटक्यातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागू नये. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबे येथे वसली. त्यांच्याबरोबर त्यांची भाषा आली, अरबी वळणाची लिपी आली. परंतु ती लिपी जाणणारा ग्रंथपाल काही सर्वत्र मिळाला नाही. पुस्तक कपाटात, वाचक दारात, आणि मधल्या सूचीला पुस्तकाचे नाव घेता येत नाही! समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांविषयीच्या मराठी साहित्याची गत याहून फारशी निराळी नाही. फरक असलाच तर इतकाच की, येथे सूचीला नाव घेता येते. घेण्याची तयारी नसते.

मराठीत अशी पुस्तकेच नाहीत, ही सबब आता चालण्यासारखी नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगभूमीवर आले. एकाच तरुणावर जीव जडलेल्या भावाबहिणीची कथा सांगणारी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 ची. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन 2012 चे. बिंदुमाधव खिरे यांनी तर कादंबरीपासून माहितीपर पुस्तकांपर्यंत या विषयाचा पिच्छाच पुरवला आहे. आणि मागे जायचे तर र. धों. कर्वे आहेतच. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली खटला उभा राहिला. त्या शंकांत समलिंगी संबंधांचीही होती. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, ही गोष्ट वेगळी.

ही पुस्तके ग्रंथालयात येतात तेव्हा कादंबरी कादंबऱ्यांत जाते, नाटक नाटकांत, आत्मकथन चरित्रांत. ते योग्यच आहे. पण त्यांना जोडणारा एकही दुवा सूचीत नसेल, तर लेखकाचे नाव आधीच ठाऊक असलेल्यालाच पुस्तक सापडते. ज्याच्याजवळ नाव नाही, नुसता प्रश्न आहे, त्या सतरा वर्षांच्या मुलाने काय शोधावे?

वर्गीकरण ही निव्वळ तांत्रिक बाब आहे, असा एक गोड समज आहे. ड्यूई दशांश पद्धतीच्या 1932 च्या आवृत्तीत समलैंगिकतेला जागा मिळाली ती मानसिक विकृतींच्या विभागात. म्हणजे पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याच्या पाठीवरचा आकडा वाचकाला रोगी ठरवून मोकळा होत असे. अमेरिकेतील ग्रंथपालांनी 1970 मध्ये आपल्या संघटनेत यासाठी स्वतंत्र गट स्थापला, तेव्हा कुठे हे चित्र हळूहळू पालटू लागले. आज त्याच पद्धतीत हा विषय समाजशास्त्रात, 306.76 या क्रमांकावर आहे. विवाह आणि कुटुंब यांचा 306.8 तेथून हातभर अंतरावर. परंतु आकडा बदलला म्हणून जुन्या पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या आपोआप बदलत नाहीत. त्या कोणीतरी बसून बदलाव्या लागतात.

याहून बिकट प्रश्न खिडकीचा आहे. बंद कपाटांच्या ग्रंथालयात पुस्तकाचे नाव मोठ्याने उच्चारावे लागते, मागे रांग असते, देवघेवीच्या नोंदीत आपले नाव चढते. ज्या वस्तीत दुकानदार, शिक्षक आणि ग्रंथालयाचा कर्मचारी तिघेही बापाला ओळखतात, तेथे ते नाव उच्चारणे ही लहान गोष्ट नव्हे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण या खिडकीपर्यंत न्यायालयाचा हात पोहोचत नाही.

काही उत्साही मंडळी म्हणतात, या पुस्तकांसाठी स्वतंत्र कपाट करा. हेतू चांगला. पण त्या कपाटासमोर उभा राहणारा साऱ्या वाचनालयाला दिसतो! पुस्तके आपापल्या जागीच असू द्यावीत, कपाटे मुक्तद्वार असावीत, आणि सूचीत मात्र त्यांना एका विषयाखाली एकत्र आणावे. त्या विषयाची छापील यादी इतर याद्यांच्या शेजारी ठेवली, तर कोणालाही ती खिशात घालून नेता येते. या साऱ्याला खर्च तो कितीसा?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याच वर्षी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, हा योगायोग जरीपटक्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. या अधिनियमाखालील अनुदान करदात्यांच्या पैशातून येते, आणि ते देणाऱ्यांत ही माणसेही आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, हे रंगनाथनांचे 1931 पासूनचे सूत्र ग्रंथालयशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. पुढे ग्रंथनिवडीच्या बैठकीत मात्र "आपल्या वाचकांना हे चालणार नाही" असे एखादा सदस्य म्हणतो, आणि विषय संपतो. कोणते वाचक, हे विचारायला तेथे कोणी नसते.

वाचकांनी पुस्तके सुचवण्यासाठी ग्रंथालयात मागणीवही असते. तिच्यात पुस्तकाच्या नावापुढे मागणाऱ्याचे नाव आणि सही लागते. त्या मुलाला ती करता येणार नाही. म्हणून ही मागणी येथे बसलेल्या, लग्न झालेल्या, नातवंडे असलेल्या सभासदांनी आपल्या सहीने नोंदवावयाची आहे.