जुन्या वर्कस्टेशनमध्ये प्रोसेसर बदलताना: एक रात्र, एक तारीख आणि ताईचं डेडलाइन

आजचा विषय थोडा हार्डवेअरचा आहे. जुनी वर्कस्टेशन असते, सॉफ्टवेअर जड झालेलं असतं आणि नवीन मशीन घ्यायचं बजेट नसतं. अशा वेळी नुसते प्रोसेसर बदलून भागतं का? माझं उत्तर आहे, बऱ्याचदा भागतं. पण ते मी एक चूक करून शिकलो, म्हणून आधी ती चूक सांगतो.

माझी आतेबहीण सांगलीला इंटिरियरची थ्रीडी चित्रं करून देते. मॉडेल स्केचअपमध्ये आणि रेंडर ब्लेंडरच्या सायकल्समध्ये. तिच्याकडे २०१२ च्या पिढीची, दोन सॉकेटची सेकंडहँड वर्कस्टेशन आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक माझी होती. आत दोन झिऑन ई५-२६२० होते. प्रत्येकी ६ कोर, २.० गिगाहर्ट्झ. रॅम ३२ जीबी.

तिचं एक चित्र रेंडर व्हायला साधारण ४२ मिनिटं लागायची. १२ चित्रांचा सेट म्हणजे जवळजवळ साडेआठ तास. रात्री लावायचं आणि सकाळी बघायचं. सकाळी क्लायंट म्हणाला "पडद्याचा रंग बदला", की पुन्हा एक रात्र. ती कर्ज काढून नवीन मशीन घ्यायच्या विचारात होती. मी म्हटलं, "ताई, थांब. प्रोसेसर बदलू, स्वस्तात काम होईल." ती म्हणाली, "अरे, तुला येतं ना नक्की? सोमवारी सेट द्यायचाय मला." मी म्हटलं, येतं की.

आता, कल्पना चुकीची नव्हती. ती का चुकीची नव्हती ते आधी बघू.

सर्व्हर आणि वर्कस्टेशनचे जुने झिऑन आज बाजारात खूप स्वस्त मिळतात, कारण मोठी डेटा सेंटर्स ठरावीक वर्षांनी सगळं बदलतात. आठ-दहा कोरचा, एकेकाळी अतिशय महाग असलेला प्रोसेसर आता किरकोळीत येतो. रेंडरिंगचं काम असं आहे की चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक कोरला वेगळा तुकडा देता येतो. म्हणजे कोर वाढले की वेळ कमी होतो.

पण सगळं काम असं नसतं. इथे अॅमडालचा नियम आठवा. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेली गोष्ट आहे. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येत असेल, तर १६ कोर लावूनही वेग १६ पट होत नाही, ६.४ पटच होतो. आणि अर्धंच काम वाटता येत असेल, तर १६ कोर असोत की १६०, दुप्पट वेगही पूर्ण मिळत नाही. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना अडकतं ना, ते मुख्यतः एका कोरचं काम आहे. तिथे जास्त गिगाहर्ट्झचा थोडा फायदा होतो, जास्त कोरचा होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: माझा वेळ नक्की कुठे जातो? टास्क मॅनेजर उघडा आणि काम चालू असताना बघा. सगळे कोर १०० टक्क्यांवर असतील, तर प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे. एकच कोर घाम गाळतोय आणि बाकीचे बसलेत, तर पैसे वाचवा.

ताईच्या रेंडरला सगळे कोर १०० टक्के होते. ग्राफिक्स कार्डाचाही विचार केला होता, पण तिचे सीन जुन्या कार्डाच्या मेमरीत मावत नव्हते आणि नवीन कार्ड बजेटबाहेर होतं.

मग मी यादी बघितली. सॉकेट एलजीए २०११. त्यात ई५-२६०० ची पहिली पिढी बसते आणि दुसरी, म्हणजे नावापुढे व्ही२ असलेलीही बसते. (व्ही३ बसत नाही, त्याचा सॉकेट २०११-३ आहे. नाव जवळपास सारखं असलं तरी गोष्ट वेगळी आहे. तिथे रॅमही सहसा डीडीआर४.) मी दोन ई५-२६८० व्ही२ मागवले. प्रत्येकी १० कोर, २.८ गिगाहर्ट्झ, ११५ वॅट. आधी बायोस नवीनतम केला. सगळं नीट.

शनिवारी रात्री मशीन उघडली. जुने काढले, नवे बसवले, पेस्ट लावली, बटण दाबलं. पंखे सुरू. स्क्रीन काळी. मग बीप, बीप, बीप.

रॅम काढून लावली. एकच प्रोसेसर ठेवून बघितला. सॉकेटमधल्या पिना टॉर्चने तपासल्या, एकही वाकलेली नव्हती. तरी तेच. साडेबारा वाजले. आत्या दोनदा येऊन चहा विचारून गेली. ताई काहीच बोलत नव्हती, आणि ते जास्त जड होतं. जुने परत लावू म्हटलं, तर पेस्टची छोटी ट्यूब संपलेली. कोरडा हीटसिंक लावून रात्रभर रेंडर चालवायची माझी हिंमत नव्हती. ती रात्र वाया गेली.

रविवारी सकाळी एका रिपेअरवाल्याकडून पेस्ट आणली, जुने प्रोसेसर लावले, मशीन सुरू झाली. आणि तेव्हा बायोसच्या माहितीच्या पानावर एक ओळ दिसली: बूट ब्लॉकची तारीख. वर्ष २०११. कंपनीच्या यादीत व्ही२ च्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की बूट ब्लॉक २०१३ चा हवा.

बूट ब्लॉक म्हणजे काय? बायोसच्या चिपमधला अगदी पहिला, संरक्षित भाग. मशीन सुरू होताना प्रोसेसर आधी तो वाचतो. आपण बायोस अपडेट करतो तेव्हा बाकीचा भाग बदलतो, हा तसाच राहतो. त्यामुळे बायोस नवा आणि बूट ब्लॉक जुना असं होऊ शकतं. जुन्या बूट ब्लॉकला व्ही२ ओळखताच येत नाही. सगळ्या मशीनमध्ये ही भानगड नसते, पण ती आहे का हे मशीन उघडण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं.

ताईने क्लायंटला फोन केला. "एक दिवस उशीर होईल," एवढंच म्हणाली. कारण सांगितलं नाही, माझं नावही घेतलं नाही. फोन ठेवून मला म्हणाली, "येत नसतं तर मी रागावले नसते रे. बघितलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं."

व्ही२ परत पाठवले, कुरियरचा खर्च माझा. मग पहिल्याच पिढीतले दोन ई५-२६७० घेतले: प्रत्येकी ८ कोर, २.६ गिगाहर्ट्झ, ११५ वॅट. हे त्या बूट ब्लॉकवर चालतात. या वेळी तिचा सेट देऊन झाल्यावरच मशीन उघडली. पहिल्यांदाच सुरू झाली. तोच सीन, तेच चित्र: ४२ ऐवजी २४ मिनिटं. १२ चित्रांना पावणेपाच तासांच्या आसपास. म्हणजे रात्री दहाला लावलं तर पहाटे तीनला तयार, आणि सकाळच्या बदलांना दुपार मोकळी.

आता तुम्ही करणार असाल तर थोडक्यात:

दोन सॉकेट असतील तर दोन्ही प्रोसेसर अगदी एकसारखे घ्या. ई५-१६०० मालिका एकाच सॉकेटसाठी आहे, ती जोडीने चालत नाही. वॅट बघा, कारण ९५ चे ११५ झाले की दोन मिळून ४० वॅट वाढतात. ताईचा यूपीएस लगेच ओरडायला लागला, तो बदलावा लागला. रॅम दोन्ही प्रोसेसरच्या वाट्याला सारखी लावा. प्रत्येकाला चार चॅनेल आहेत, सगळ्या पट्ट्या एकाच्याच स्लॉटमध्ये असतील तर दुसरा लांबून मागत बसतो. हीटसिंकचे स्क्रू तिरपे, आलटून पालटून आवळा. आणि पेस्ट दोनदा पुरेल इतकी जवळ ठेवा.

मर्यादाही सांगतो. या दोन्ही पिढ्यांमध्ये एव्हीएक्स२ नाही, आणि काही नवीन सॉफ्टवेअरला ते लागतं. विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हा उपाय काही वर्षं पुढे ढकलण्याचा आहे, कायमचा नाही. ताईला हे आता स्पष्ट सांगितलंय. कर्ज न काढता ती दर महिन्याला थोडे बाजूला टाकतेय.

आणि हो, परवा तिचा मेसेज आला: "रॅम वाढवायचीये. आधी यादी बघ, मग ये." बघितली. खालच्या बारीक अक्षरांसकट.

भेटू पुढच्या भागात.