बाण सुटण्यापूर्वी

आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल, काहींना कदाचित अप्रियही वाटेल. धनुष्यबाणाने केलेली हरणाची शिकार हा तो विषय होय. मी स्वतः शिकारी नाही. आयुष्यात एकदाच, परदेशी स्थायिक झालेल्या एका मित्राच्या मळ्यावर, अशा शिकारीत मी सोबती म्हणून सामील झालो आणि तेथे माझ्या हातून जी चूक घडली तिने मला या विषयाचा विचार करावयास भाग पाडले. ती हकिकत मी सांगणारच आहे. परंतु तत्पूर्वी आपल्याच शहरातील एका शिळेकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आतकूर येथून आणलेला एक शिलालेख आहे. तो शके ८७२ चा, म्हणजे इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला, त्याचा उल्लेख या लेखात आहे. त्या युद्धात पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या वीराला राजाने वर मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने ‘काळी’ नावाचा राजाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका डोंगरापाशी या कुत्र्याची व एका मोठ्या रानडुकराची झुंज झाली आणि दोघेही एकमेकांना मारून मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला व त्याच्या पूजेसाठी जमीन दिली गेली. सम्राटाचा विजय आणि एका कुत्र्याचा मृत्यू एकाच शिळेवर कोरलेले पाहून माणूस थबकतो. शिकारीत कोण कसे मेले याचा हिशेब ठेवला पाहिजे, असे त्या काळच्या माणसांना वाटत होते, एवढे तरी त्यावरून निश्चित दिसते.

शिकारीचे शास्त्रही आपल्या या प्रदेशात लिहिले गेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात म्हणून मराठी अभ्यासकांना तो परिचित आहे. त्यात मृगयेला राजाचा एक विनोद मानून तिचे सविस्तर वर्णन केलेले आहे. हरणाजवळ कसे जावे, माणसाळवलेल्या हरणांचा आमिष म्हणून कसा उपयोग करावा, याची चर्चा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. धनुर्धराची खरी अडचण नेम धरण्याची नसते. पुरेसे जवळ कसे पोहोचावे, ही असते.

या अडचणीचे कारण बाणाच्या स्वरूपातच आहे. बंदुकीची गोळी आपल्या वेगाने व धक्क्याने शरीराचा विध्वंस करते. बाणाच्या अंगी तसा धक्का नसतो. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. ते पाते हृदयातून किंवा दोन्ही फुप्फुसांतून गेले तर हरीण काही क्षणांतच कोसळते. तेच पाते चारसहा बोटे मागे, पोटात शिरले तर मरणाला अनेक तास लागतात. म्हणून सावध धनुर्धर वीस-पंचवीस मीटरांपलीकडे सहसा बाण सोडीत नाही आणि जनावर आडवे व निश्चिंत उभे असल्याखेरीज प्रत्यंचा ओढीत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. ध्वनी एका सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. साधा लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नास मीटरांच्या आसपास जातो. कप्प्या बसवलेल्या आधुनिक धनुष्याचा बाण ऐंशी-नव्वद मीटर जातो. हरीण तीस मीटरांवर असेल, तर आधुनिक धनुष्याचा बाण त्याच्यापर्यंत पोहोचावयास सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो, परंतु प्रत्यंचेचा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शातच त्याच्या कानी पडतो. उरलेल्या पाव सेकंदात हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दबते किंवा वळते. ज्या जागी नेम धरला होता ती जागा तेथे उरतच नाही.

आता माझी हकिकत. आपल्या अरण्यांतील चितळ अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९३२ साली नेण्यात आले. सॅन अँटोनियो शहराच्या वायव्येकडील चुनखडीच्या टेकड्या, ओकची व जुनिपरची झाडी आणि मधली गवताळ माळराने त्यांना मानवली. त्यांची संख्या वाढली, कळपांनी कुंपणे ओलांडली आणि तेथील मूळच्या पांढरशेपट्या हरणांच्या चाऱ्यात ती वाटेकरी झाली. ती बाहेरून आलेली असल्याने राज्याने त्यांच्या शिकारीला विशिष्ट हंगाम ठेवलेला नाही. शिकारीचा परवाना व जमीनमालकाची संमती असली म्हणजे पुरते. माझ्या मित्राचा मळा याच टेकड्यांत आहे. गुरांसाठी राखलेल्या अशा विस्तीर्ण मळ्याला तेथे ‘रँच’ म्हणतात. बालपणी बन्नेरघट्ट्याच्या रानात आम्ही दोघांनी मिळून चितळ पाहिले होते. तेच ठिपक्यांचे अंग आणि तीच भेदरलेली मान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाहताना मला गलबलून आले, हे मी लपवीत नाही.

मित्र बरीच वर्षे धनुष्य वापरीत होता. वर्षाकाठी एक-दोन चितळ मारावयाचे, त्यांचे मांस घरी खावयाचे व शेजाऱ्यांना वाटावयाचे, असा त्याचा शिरस्ता होता. नोव्हेंबर महिन्यातील तीन संध्याकाळी आम्ही पाणवठ्याजवळ झुडपांच्या लपणात बसलो. मला त्याने एकच काम दिले होते : स्वस्थ बसणे. पहिल्या दिवशी वारा फिरला, एका मादीने शीळ घालावी तशी इशाऱ्याची हाक दिली आणि कळप नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी कोणीच आले नाही. तिसऱ्या संध्याकाळी मोठ्या शिंगांचा एक नर झाडीतून बाहेर येऊन सुमारे पस्तीस मीटरांवर उभा राहिला. मित्राने धनुष्य ओढले, क्षणभर धरले आणि बाण न सोडता हळूच सैल केले.

दुसऱ्या दिवशी मी परतणार होतो. तीन दिवस बसून पाय आखडले होते. मी त्याच्या कोपराला स्पर्श केला आणि कुजबुजलो, “अरे, आता सोड.”

त्याने पुन्हा धनुष्य ओढले व बाण सोडला. हरीण आवाजासरशी दबले, वळले आणि बाण त्याच्या पोटात रुतला. पाठ कमानीसारखी वाकवून, धावत नव्हे तर चालत, ते झाडीत शिरले. मी उठू लागताच मित्राने मला खाली बसवले. अशा जखमेचे जनावर लगेच पाठलाग केल्यास मैलोगणती जाते आणि मग सापडत नाही. मागे कोणी नसेल तर ते जवळच आडोशाला बसते. म्हणून थांबणे हाच एक उपाय उरला होता. ती रात्र आम्ही घरात जागून काढली. बाहेर कोयोटांची कोल्हेकुई चालू होती आणि प्रत्येक वेळी आम्ही एकमेकांकडे पाहत होतो.

पहाटे माग काढावयास निघालो. चुनखडीच्या दगडावर रक्ताचा थेंब, मग वीस पावले काहीच नाही, मग गवताच्या पात्यावर एक डाग. मित्र प्रत्येक खुणेपाशी कागदाचा कपटा ठेवी आणि पुढची खूण सापडेपर्यंत पाऊल उचलीत नसे. चारशे पावलांचे ते अंतर चालावयास आम्हाला दोन तास लागले. हरीण एका जुनिपरखाली बसले होते. ते जिवंत होते. त्याने मान उचलून आमच्याकडे पाहिले. दुसऱ्या बाणाने मित्राने त्याची सुटका केली. नंतर बराच वेळ आम्ही बोललो नाही. अखेर तो म्हणाला, “बाण मी सोडला, तेव्हा दोष माझाच. पण शब्द तुझा होता.” त्या वर्षी त्याने पुन्हा धनुष्य हाती घेतले नाही, असे त्याने मला नंतर कळवले.

मित्रहो, परत आल्यावर मला आपल्या जुन्या कथा निराळ्या दिसू लागल्या. दशरथाने न पाहता केवळ आवाजावर बाण सोडला. पांडूने हरणांच्या जोडप्यावर बाण सोडला. तो हरीणरूप घेतलेल्या किंदम ऋषींना लागला. कालिदासाचा दुष्यंत मात्र हरणाचा पाठलाग करीत असता तपस्व्यांच्या शब्दाने थांबतो व ओढलेला बाण परत घेतो. पहिल्या दोघांच्या नेमबाजीत कोणतेही वैगुण्य नव्हते. बाण सोडण्यापूर्वी जो विचार करावयाचा असतो तो त्यांनी केला नाही. दुष्यंताला थांबवणारे कोणी भेटले; माझ्या मित्राला घाई करणारा भेटला.

ज्यांच्यासाठी धनुष्य किंवा फासे हे पोटाचे साधन होते त्यांचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचा छंद पसरवण्यात सॅक्स्टन पोप या शल्यवैद्याचा मोठा वाटा होता. ही विद्या तो इशी नावाच्या माणसाकडून शिकला. इशी हा याही जमातीचा अखेरचा ज्ञात माणूस. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हातून नष्ट झाले होते. १९११ मध्ये तो एकटाच रानाबाहेर आला आणि १९१६ मध्ये मरण पावला. आपल्याकडे फासेपारध्यांना इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार जमातींत गणले. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या मनातून पुसला जाण्यास त्याहून पुष्कळ काळ लागत आहे. राजांच्या विनोदाला शास्त्र म्हटले गेले आणि गरिबाच्या पारधीला चोरी, हे विसरून शिकारीच्या नीतीविषयी बोलणे अपुरे ठरेल.

भारतात आज हा प्रश्न कायद्याने सोडवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. पिकांची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांविषयी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतो, असे काही अपवाद आहेत. तेव्हा माझ्या मित्राने जे केले ते त्याच चितळाच्या मायभूमीत गुन्हा ठरेल, आणि ते योग्यच आहे. बन्नेरघट्ट्याचे रान १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. आता शहर त्याच्या कुंपणाला येऊन भिडले आहे. तेथील चितळावर बिबट्याचा व रानकुत्र्यांचा पहिला अधिकार आहे. त्यांना दुसरी शिदोरी नाही. शिवाय ज्या नीरवतेमुळे धनुष्य शिकाऱ्याला प्रिय वाटते, तीच नीरवता चोरट्या शिकाऱ्यालाही सोयीची असते.

मग मी हे सारे आपल्याला का सांगितले? आपल्यापैकी कोणी धनुष्य घेऊन रानात जाईल असे मला वाटत नाही. परंतु कायदा जनावराचे रक्षण करतो. आपल्या उतावळेपणाला आवर घालण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. रात्री बन्नेरघट्ट्याच्या रस्त्यावर मोटार हाकताना, पाणवठ्यावर छायाचित्रासाठी आणखी चार पावले पुढे सरताना, चालकाच्या खांद्यावर हात ठेवून “अजून थोडे जवळ घे” म्हणताना, मला त्या संध्याकाळचा माझा शब्द आठवतो. तो उच्चारावयास मला क्षणही लागला नव्हता. त्या हरणाला त्यापायी रात्रभर मरावे लागले.

वस्तुसंग्रहालयात कधी गेलात तर आतकूरच्या शिळेपुढे थोडे थांबा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.