ट्रक-ड्रायव्हरी : शिकून करावयाचा धंदा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



डॉक्टर आणि इंजिनियर यांच्याविषयी अशा व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते व ते योग्यच आहे. मी मात्र आज ट्रक-ड्रायव्हरविषयी बोलणार आहे. मुलगा दहावीत नापास झाला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "जाऊ द्या, ड्रायव्हर तरी होईल." या 'तरी'ला माझा आक्षेप आहे.

डहाणू-तलासरीच्या मुलांना हा धंदा रोज डोळ्यांसमोर दिसतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा ८ क्रमांकाचा व आजचा ४८ क्रमांकाचा, चारोटी नाक्यावरून तलासरीकडे जातो आणि अच्छाडपुढे गुजरातेत शिरतो. बोईसर-तारापूरचा लोखंडी माल याच रस्त्याला लागतो. बुलेट ट्रेनचा मार्गही याच दोन तालुक्यांतून आखलेला आहे. पाइप, तुळया आणि यंत्रे वाहणारे उघडे ट्रेलर म्हणूनच येथे नेहमी दिसतात.

चिकूच्या पेट्या ट्रकच्या हौद्यात बसतात व चारी बाजूंच्या फळ्या त्यांना धरून ठेवतात. उघड्या ट्रेलरला फळ्या नसतात. तेथे मालाला धरून ठेवते ती केवळ बांधणी. नव्या ड्रायव्हरला गाडी हाकणे लवकर येते. बांधणी यायला वेळ लागतो. मालाखाली लाकडी ठोकळे हवेत, गोल वस्तूला दोन्ही अंगांनी पाचरी हव्यात, साखळी घट्ट ताणलेली हवी आणि धारदार कडेवर पट्टा कापला जाऊ नये म्हणून मध्ये जाड गोणपाट किंवा रबर हवे. निघाल्यावर थोड्या अंतराने गाडी बाजूला घेऊन साखळ्या पुन्हा तपासाव्या लागतात, कारण हादऱ्यांनी माल खाली बसतो आणि साखळी ढिली पडते.

विद्यार्थी मित्रांनो, वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता. ताशी ४० किलोमीटरला टिकलेली बांधणी ८० ला टिकेलच असे नाही. मेंढवण खिंडीच्या उतारावर जोराने ब्रेक दाबला तर चाके थांबतील, पण मागचे पाइप पुढे येऊ पाहतील, आणि पुढे असते ड्रायव्हरची केबिन. परीक्षेतला एक गुण गेला तर पुढच्या वर्षी मिळविता येतो. येथे तशी सवलत नाही.

ड्रायव्हरसाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. अनेकांना त्यामुळे रोजगाराची वाट मोकळी झाली, परंतु वाचण्याची गरज काही संपली नाही. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर न्यावयाचा तर ई-वे बिल लागते. शिवाय परमिट, विमा, फिटनेस आणि वजनकाट्याची पावती असते. नेहमीच्या दोन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन १८.५ टनांच्या आत असावे लागते. त्याहून अधिक भरल्यास २० हजार रुपये दंड व जादा प्रत्येक टनामागे आणखी २ हजार. माल गाडीबाहेर डोकावत असेल तरी दंड २० हजारच. मालक फोनवर "काही होत नाही, निघ" म्हणेल. कागद वाचता येणारा मुलगाच त्याला "शेठ, वजन उतरवा, मग निघतो" असे सांगू शकेल.

पालकांनो, आता तुमच्याशी थोडे. मुलाला सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढविण्याची घाई करू नका. हलक्या मोटारीचे लायसन्स अठराव्या वर्षी मिळते. ते वर्षभर बाळगल्याखेरीज ट्रकचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही, आणि विसाव्या वर्षाआधी ट्रक चालविण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणजे दहावीनंतर चार वर्षे हातात उरतात. त्या चार वर्षांत बारावी होते किंवा आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होतो. वय वाढवून लिहिलेल्या कागदावर ही वर्षे वाचविली, तर अपघाताच्या दिवशी तोच कागद मुलाच्या विरुद्ध साक्ष देईल.

आणि त्याच्या झोपेचीही काळजी घ्या. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती दिली होती. घरून फोन कराल तेव्हा "कधी पोचणार?" असे न विचारता "झोप झाली का, बेटा?" असे विचारा. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला याच महामार्गाच्या कडेने माणसांची रीघ लागते. त्यांची मुलेबाळेही आपल्या मुलाच्या डोळ्यांवर विसंबून असतात.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्या माणसाला प्यारे नबींनी (स.) आधी उंट बांधावयास सांगितले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. ट्रेलरवरचा माल दुसऱ्याची अमानत आहे आणि रस्त्यावरचा प्रत्येक जीव अल्लाहची. हलाल रोजीचा हा धंदा आपल्या मुलांनी खुशाल करावा. मात्र तो शिकून करावा, आधी साखळी तपासून मग 'बिस्मिल्लाह' म्हणावे.

अल्लाह आपल्या मुलांना सलामत घरी आणो. आमीन.