भिंतीचे डाग आणि कामगाराचे हात

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्या आधी विद्वान वक्त्यांनी आपले विचार मांडले. मी गवंडीकाम करणारा माणूस. समितीने सांगितले, मिस्त्री, तुम्ही तुमच्या कामाचेच दोन शब्द बोला. म्हणून मी आपल्या समोरच्या भिंतीविषयी बोलणार आहे.

विहाराच्या दर्शनी भिंतीच्या दरजा यंदा नव्याने भरून घेतल्या. काम मजबूत झाले, पण विटांवर सिमेंटचे ओघळ आणि पांढुरके पट्टे राहिले. कोणी म्हणतात ॲसिड मारा, कोणी म्हणतात लाल रंग फासून मोकळे व्हा. रंग फासला तर आतली ओल रंगाखाली अडकते, पापुद्रे सुटतात आणि तोच खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. ॲसिडचे तर आणखी वेगळे आहे. ते सांगतो.

आधी डाग पडतात का, ते बघा. वीट ही सच्छिद्र वस्तू. पातळ माल तिच्या अंगावर सांडला आणि कारागिराने तो लगेच ओल्या फडक्याने पुसला, की बघणाऱ्याला वाटते स्वच्छ झाले. प्रत्यक्षात सिमेंटचे पाणी विटेच्या छिद्रांत शिरते आणि वाळल्यावर पांढरे दिसते. म्हणून पुसण्याची घाईच करायची नाही. दरज पाऊण ते एक इंच खोल खरवडायची, धूळ काढायची, विटा आधी भिजवायच्या, माल घट्ट ठेवायचा आणि अरुंद करणीने दरजेतच दाबायचा. सांडलेला माल अंगठा दाबून ठसा जेमतेम उमटेल इतका घट्ट झाला, की कोरड्या ब्रशने तिरका झाडायचा. खपली आपोआप पडते. ज्यांच्या घराचे काम निघणार आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा त्रास वाचेल.

आता डाग पडलेच आहेत तर काय करायचे? पहिल्यांदा डाग कशाचा ते ओळखा. कोरड्या ब्रशने झाडून पाहा. भुकटी होऊन निघाला तर तो लोणा आहे, म्हणजे विटेतून बाहेर आलेला क्षार. तो कोरडाच झाडायचा. त्यावर पाणी मारत बसलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातो आणि वाळल्यावर परत येतो. हलतच नसेल तर तो सिमेंटचा डाग.

सिमेंटच्या डागाला काम झाल्यावर निदान सात दिवस हात लावू नका, नाहीतर ताजी दरज उखडेल. पण वर्ष-वर्षही थांबू नका, तो जास्तच घट्ट होतो. जाड खपल्या लाकडी पट्टीने हळूच उडवायच्या. मग त्याच रंगाच्या विटेचा तुकडा घेऊन डागावर घासायचा. त्यानंतर काथ्याचा ब्रश आणि साधे पाणी. तारेचा ब्रश नको. त्याने विटेचा भाजलेला कडक थर ओरबाडला जातो आणि तुटलेल्या तारा गंजून तांबडे डाग पडतात. या रीतीने वेळ लागतो, हात दुखतात, पण बरेचसे डाग निघतात.

ॲसिड सिमेंटला खाते, हे खरे. पण डाग कुठला आणि दरज कुठली, हे ॲसिडला कळत नाही. ते दोन्हीही खाते. आणि जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर ॲसिड मुळीच लावू नये, कारण ते चुना विरघळवून टाकते. पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ साली सिमेंट तयार होऊ लागले. त्याआधीच्या जुन्या इमारती म्हणजे चुन्याचेच काम समजावे. खाली शहाबादी फरशी असेल तर तीही जाते, कारण शहाबादी हा चुनखडीचाच दगड. खिडकीचे गज गंजतात ते वेगळेच.

तरीही सिमेंटच्या भिंतीवर शेवटचा पांढुरका थर राहिलाच, तर आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून बघावे. भिंत आधी पाण्याने चिंब करावी, म्हणजे ॲसिड विटेत मुरत नाही. एक भाग ॲसिडला दहा भाग पाणी. पाण्यात ॲसिड ओतायचे, ॲसिडात पाणी कधीही नाही. थोडी थोडी जागा घ्यायची, काही मिनिटांत घासायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. त्यात ब्लीचिंग पावडर चुकूनही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू होतो आणि माणूस जाग्यावर कोसळू शकतो.

बंधू-भगिनींनो, आता मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. साईटवर भिंत धुवायला कोणाला लावतात? गवंड्याला नाही, मुकादमाला नाही. हाताखालच्या बिगारी बाईला. प्लास्टिकच्या मगात ॲसिड देतात, हातमोजा नाही, चष्मा नाही, पायात स्लीपर. बोटांची सालपटं निघतात, नखं पिवळी पडतात. वाफेने रात्रभर खोकला. तिने विचारलं तर उत्तर मिळतं, काही होत नाही, धू. मी अनेक साईटवर हे पाहिले आहे.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ ॲसिड विक्रीवर बंधने घातली, ती तोंडावर ॲसिड फेकण्याच्या गुन्ह्यांमुळे. जी वस्तू दुकानदाराने नाव-पत्ता लिहून, ओळखपत्र बघून विकायची, ती आपण आपल्याच बाईच्या उघड्या हातात द्यायची, हा कुठला न्याय? या वस्तीतल्या कितीतरी माता-भगिनींनी बांधकामावर घमेली वाहून मुलं शिकवली आहेत. त्यांच्या हातांची किंमत आपल्याला कळायला नको?

म्हणून कोणाच्याही घरी हे काम निघाले, तर रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट मालकाने आणून द्यावेत. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेला तर तसेच धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि कामाला जाणाऱ्या आपल्या मुलींना, सुनांना सांगून ठेवा की, हातमोजे मिळाल्याशिवाय मगाला हात लावायचा नाही.

नालंदाच्या भिंती विटांच्या, बुद्धगयेचे महाबोधी मंदिरही विटांचेच. त्या विटा लावणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. निदान आपली भिंत ज्यांनी उभी केली आणि जे ती धुणार आहेत, त्यांना तरी आपण जपू या.

समितीला माझी विनंती आहे की, आपल्या भिंतीवर ॲसिड आणू नये. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता विटेचे तुकडे, काथ्याचे ब्रश आणि पाण्याच्या बादल्या घेऊन आपण सगळे जमू. तरुण मुलांनी वरची बाजू घ्यावी, पण परात बांधून देईन मी. तीन-चार रविवार लागतील. लागू देत.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम!