सिस्टर बोनिफेस आणि वीस रुपयांची नोट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे ‘माझा छंद’. गेली वीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे छंद एकच उरलाय. रात्री जेवणं आटोपली की एक खून बघायचा. घाबरू नका, टीव्हीवरच!

त्यातही मला रक्तबंबाळ काही चालत नाही. माझी लाडकी मालिका आहे बीबीसीची ‘सिस्टर बोनिफेस’. काळ १९६०च्या दशकातला, गाव इंग्लंडमधलं ग्रेट स्लॉटर. गाव काल्पनिक आहे, पण नावाचा अर्थच ‘मोठी कत्तल’, म्हणजे पुढचं सगळं ओघानं आलंच. एवढ्याशा गावात दर भागात कुणीतरी मरतं. फुलांचं प्रदर्शन असो की नाटकाची तालीम, प्रेत ठरलेलं. गावात माणसं उरतात कशी, हे कोडं मात्र सिस्टरनाही सुटलेलं नाही.

या सिस्टर म्हणजे कॉन्व्हेंटमधल्या नन. प्रार्थना करतात, वाइन बनवतात, स्कूटरवरून गावभर हिंडतात आणि न्यायवैद्यक शास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आहेत! पोलीस अडले की यांच्या प्रयोगशाळेत येतात. बर्म्युडाहून आलेला सार्जंट फेलिक्स बिचारा लंडनची स्वप्नं बघत निघाला होता, तो या गावात येऊन पडला. पहिलं पोस्टिंग आडगावी मिळालेल्यांना त्याचं दुःख लगेच कळेल.

धर्मगुरू गुन्हा शोधतो, ही कल्पना जुनी आहे. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनची पहिली कथा १९१०ची. त्यांच्यावरच्या मालिकेत २०१३ साली सिस्टर पहिल्यांदा दिसल्या आणि २०२२ मध्ये त्यांना स्वतःची मालिका मिळाली. त्यांना फादर मात्र होता येत नाही. कॅथलिक चर्चमध्ये ते आजही बायकांना खुलं नाही. चर्च ऑफ इंग्लंडनं पहिल्या ३२ स्त्रियांना दीक्षा दिली ती १२ मार्च १९९४ला, ब्रिस्टलमध्ये. तेव्हा आपण आठवीत होतो.

मला सिस्टर आवडतात याचं आणखी एक कारण आहे. युद्धकाळात त्या ब्लेचली पार्कमध्ये होत्या असं मालिकेत दाखवलंय. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारी ही जागा खरी, आणि तिथे काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायकाच होत्या. म्हणजे त्या आमच्याच धंद्यातल्या! आमच्याकडे रात्री दोनला सिस्टीम बंद पडते तेव्हा पहिला प्रश्न येतो, “कुणी केलं?” सिस्टर तो प्रश्न शेवटी विचारतात. आधी काय झालं ते बघायचं, पुरावा तपासायचा, माणूस मग.

हे मला आठवीत कळायला हवं होतं.

सहलीचे पैसे आठवतात? मी मॉनिटर होते. हिशेबात वीस रुपये कमी आले. त्याच दिवशी वर्गातल्या एकीनं नवी कंपासपेटी आणली होती. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सगळ्यात आधी माझी. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खात बसली. सहलीलाही आली नाही.

चार दिवसांनी नोट सापडली. माझ्याच हिशेबाच्या वहीला घातलेल्या खाकी कव्हरच्या घडीत. मी बाईंना जाऊन गुपचूप सांगितलं. बाईंनी विचारलं, “वर्गाला सांगतेस ना?” मी मान डोलावली. आणि आजपर्यंत सांगितलं नाही.

मालिकेत शेवटी सगळे एका खोलीत जमतात आणि खरं काय ते सांगितलं जातं. आज आपण सगळे जमलो आहोत, आणि तीही इथे बसली आहे. तिचं नाव मी घेणार नाही, त्या वेळी ते पुरेसं घेऊन झालंय.

गुन्हेगार मी होते. माफ कर गं. इतकी वर्षं गप्प राहिले, हा त्या वीस रुपयांपेक्षा मोठा गुन्हा.

जेवणाच्या वेळी तुझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवणार आहे. आलीस तर बरं वाटेल.