पाणी माणशी वाटा, एकरी नव्हे
(जुहू, मुंबई येथील बैठकीत केलेले भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक जुहूला, समुद्राकाठी कशाला, असे काहींनी विचारले. त्याला कारण आहे. या शहराच्या नळाला येणारे पाणी शंभरेक किलोमीटरवरून येते. त्यातली भातसा आणि तानसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूरच्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. म्हणजे धरण कुणाच्या शिवारात आहे, यावरून पाणी कुणाला मिळणार हे ठरत नाही. मागणारा किती एकवटलेला आहे, यावरून ते ठरते. शहर एका तोंडाने मागते, साखर कारखान्याचा पट्टा एका तोंडाने मागतो. आम्ही कोरडवाहूवाले मात्र गावागावांत, भावकी-भावकीत वाटले गेलो आहोत.

मग एकी करायची कशावर? नुसते 'पाणी द्या' म्हणून एकी टिकत नाही. पाणी येण्याआधी सगळे एक असतात, पाणी आले की विहीरवाला आणि बिनविहिरीवाला वेगळे होतात. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, पाणी मागण्याआधी वाटणी ठरवा.

हे नुसते बोलण्यापुरते नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि घरात माणसे कितीही असोत, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हक्क. आणि उसाला पाणी नाही.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. १९८२ च्या जानेवारीत याच मुंबईत गिरण्यांचा संप झाला. खानापूरचे गिरणी कामगार गावी परतले, तर गावी दुष्काळ आणि हाताला काम फक्त रोजगार हमीचे. दरवर्षी खडी फोडून दुष्काळ हटतो का, हा प्रश्न तिथे उभा राहिला. डॉ. भारत पाटणकर आणि साथींनी मुक्ती संघर्ष चळवळ बांधली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवले की वाळूवर हक्क आमचा. थोडीच विकू आणि त्या पैशातून आपले धरण बांधू. अभियंते के. आर. दाते यांनी तंत्राची बाजू पाहिली. सरकारशी झगडून बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यात भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाचा वाटा ठरला.

हीच मागणी पुढे आटपाडी, सांगोल्यासह तेरा दुष्काळी तालुक्यांची झाली. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख यांच्यासारखी वेगवेगळ्या वाटांची माणसे एका व्यासपीठावर आली. कृष्णेच्या लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी पाणी २००० सालापर्यंत अडवायचे होते. त्या मुदतीवर बोट ठेवून लोकांनी रेटा लावला. टेंभूचे पाणी आटपाडीला पोहोचले, त्यामागे हा रेटा आहे.

आता हिशोबाचे बोलू. उसाला वर्षभरात साधारण २०० सेंटिमीटर पाणी लागते. ज्वारी पोटरीत असताना किंवा कपाशीची बोंडे भरताना दिलेली एक पाळी ७-८ सेंटिमीटरची. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात पंचवीस एकरांना एक संरक्षित पाळी बसते. पाऊस दडी मारतो तेव्हा हीच एक पाळी पीक हाती देते. राज्यात पेरणीच्या जेमतेम पाच-सहा टक्के क्षेत्रावर ऊस आहे, आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग तो पितो. ऊसवाला आमचा शत्रू नाही, तोही शेतकरीच आहे. पण पाणी सगळ्यांचे असेल तर पहिली पाळी सगळ्यांची झाली पाहिजे. आणि आमच्यातला बोअरवाला गुपचूप ऊस लावत असेल, तर त्यालाही हे सांगायचे धाडस आम्हाला करावे लागेल.

कायदा पूर्ण आमच्या विरोधात नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने एका खोऱ्यातल्या धरणांत साठ्याचे प्रमाण साधारण सारखे असावे, हे तत्त्व मांडले. मराठवाडा त्यावर भांडला, म्हणून २०१४ साली जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश निघाला. कायद्याचा कागद होता, पण भांडणारे होते म्हणून तो हलला.

तेव्हा जिल्हा बैठकीआधी प्रत्येक गावाने चार कामे करावीत.

एक, पावसाळा संपताच ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे करते. पाऊस किती, पिण्याला आणि जनावरांना किती, उरले किती, मगच रब्बीला काय पेरायचे ते ठरते. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

दोन, कुटुंबांची यादी करा. भूमिहीन, परित्यक्ता, विधवा बायका त्यात पहिल्या लिहा. जमीन नसलेल्याला पाणी देऊन काय उपयोग, असे कुणी म्हणेल. त्याच्या हाती पाणी असेल तर जमीनवाला स्वतः होऊन बटाई द्यायला येईल.

तीन, एकाच नाल्यावरच्या वरच्या आणि खालच्या गावांनी आधी आपसात बसावे. ते भांडण तहसीलदाराच्या टेबलावर नेऊ नये.

चार, मागणी एकच लिहावी. प्रत्येक कुटुंबाला आधी एक संरक्षित पाळी, बारमाही पिकाचा विचार नंतर.

हे चार कागद घेऊन या. नुसता मोर्चा काढला तर पुढारी निवेदन घेतात आणि गाडीत टाकतात. गावाची यादी, गावाचा ताळेबंद आणि शेजारच्या गावाची सही असलेला कागद त्यांना तसा टाकता येत नाही.