सूर्यप्रकाशावर चालणारे जहाज



माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी बोलत नाही. हिशेब मात्र मला कळतो, आणि आजचा विषय हिशेबाचाच आहे.

अग्निबाण इंधन जाळून वायू मागे फेकतो, म्हणून पुढे जातो. अणुशक्तीच्या अग्निबाणालाही काही ना काही मागे फेकावेच लागते. हा फेकायचा माल बरोबर न्यायचा, आणि तो नेण्यासाठी आणखी माल न्यायचा! शिधा संपला की वेग वाढवणे संपले.

यातून वाट आहे का? आहे. प्रकाश ज्या वस्तूवर पडतो, तिला तो किंचित ढकलतो. मॅक्सवेल यांनी हे १८७३ साली गणिताने सांगितले. पुढे रशियात लेबेदेव यांनी तो दाब प्रयोगाने मोजला. पृथ्वीजवळ एक चौरस मीटर आरशावर तो एक मिलिग्रॅम वजनाइतकाही भरत नाही.

तरी २०१० साली जपानने ‘इकारोस’ सोडले. शीड १४ मीटर लांब, तितकेच रुंद. यानाचे वजन सुमारे ३०० किलो, आणि प्रकाशाचा रेटा ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी वजनाएवढा! दिवसभरात वेग वाढायचा तो सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर. हसू येईल, पण सूर्याला सुटी नसते. हाच रेटा अखंड राहिला तर १०० दिवसांत वेगात ताशी सुमारे १०० किलोमीटरची भर पडते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शिडाने जमिनीवरून उठता येत नाही. इकारोसलाही शुक्राच्या वाटेला लावले ते अग्निबाणानेच. शिवाय सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की रेटा चौथाई उरतो.

आता पैशाची गोष्ट. २०१९ साली अमेरिकेतील प्लॅनेटरी सोसायटीचे ‘लाइटसेल २’ आकाशात गेले, ते हजारो नागरिकांच्या देणग्यांवर. प्रकाशाच्या बळावर त्याने आपली कक्षा बदलून दाखवली. २०२२ साली विरळ हवेच्या घर्षणाने ते खाली येऊन जळाले.

ज्याचे आयुष्य वर्गणी गोळा करण्यात गेले, त्याला यात नवल वाटत नाही. शास्त्र हे सरकारचे आणि धनिकांचेच काम, असे म्हणून मात्र आपण यापुढे घरी बसू नये, एवढेच आपणांस विनवतो.